घोड्याला पोटशूळ उठल्यास काय करावे: नवख्या पालकांसाठी मार्गदर्शन

पोटशूळ, म्हणजे डॉक्टर ज्याला कॉलिक म्हणतात तो, हे पोटातल्या अनेक वेगवेगळ्या बिघाडांचे बाहेर दिसणारे एकच रूप आहे. आतड्यात वायू धरला, कडब्याचा गोळा अडकला, आतडे जागेवरून सरकले किंवा पिळले गेले, तरी बाहेरून दिसते ते इतकेच की घोडा पाय आपटतो, कुशीकडे वळून पाहतो आणि लोळतो. यांपैकी बहुतेक प्रकार वेळेवर औषधोपचार मिळाल्यास बरे होतात; काही थोड्या प्रकारांत मात्र शस्त्रक्रियेवाचून घोडा वाचत नाही. कोणता प्रकार आहे हे नुसत्या नजरेने ओळखणे मुरलेल्या मोतद्दारालाही जमत नाही. म्हणून नवख्या पालकाने औषधाच्या मागे न लागता स्वतःला इजा होऊ न देणे, घोड्याची अवस्था आकड्यांत मोजणे आणि ते आकडे पशुवैद्यकांना लवकरात लवकर कळवणे, एवढीच कामे अंगावर घ्यावीत.

घोड्याला हा त्रास इतका का होतो, हे त्याच्या पोटाच्या रचनेवरून समजते. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अवघे ८ ते १५ लिटरचे असते आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पुढचा मार्ग अडला की जठरात साचलेले पाणी व वायू तोंडावाटे बाहेर पडू शकत नाहीत, आणि ताण वाढत गेल्यास जठर फुटते. त्यापुढचे मोठे आतडे पोटात दुमडून बसवलेले असते. ओटीपोटाजवळच्या वळणावर ते एकदम अरुंद होते आणि कोरड्या चाऱ्याचा गोळा बहुधा तेथेच अडकतो. शिवाय या आतड्याचा बराच भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसल्यामुळे, वायूने फुगला की तो सरकू शकतो.

दुखणे ओळखणे

सुरुवातीची लक्षणे फार साधी असतात आणि म्हणूनच ती नजरेतून सुटतात. रोज तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, तोंडाला बांधण्याआधीच मान पुढे करणारा घोडा चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकतो, वरचा ओठ वळवून वर उचलतो, लघवीला उभा राहिल्यासारखा अंग ताणतो पण लघवी करत नाही, किंवा पुढच्या एका पायाने जमीन उकरत राहतो. लीद कमी पडते, किंवा पडलेल्या गोळ्या लहान, कोरड्या आणि चिकट आवरण धरलेल्या असतात. दुखणे वाढले की तो वारंवार बसतो व उठतो, मागच्या पायाने पोटाला लाथ मारतो, काम नसताना घामाने भिजतो आणि जमिनीवर अंग टाकून लोळू लागतो. निरोगी घोडाही खरारा झाल्यावर मजेत लोळतो. पण तो उठल्याबरोबर सगळे अंग झाडून धूळ उडवतो आणि खायला लागतो. दुखणारा घोडा बहुधा अंग न झाडता उभा राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतो.

तीव्र तडफड चालू असताना घोडा एकाएकी शांत झाला, पण अंगाला गार घाम आहे, नाडी जोरात धावते आहे आणि हिरड्या काळपट पडल्या आहेत, असे दिसल्यास तो बरा झाला असे समजू नये. जठर किंवा आतडे फुटल्यावर ताण सुटतो आणि वेदना तात्पुरती थांबते. हे फार वाईट लक्षण आहे.

पोटशुळासारखे दिसणारे दुसरेही काही त्रास असतात. दिवस भरत आलेली घोडी प्रसववेदनांनी अशीच उठबस करते. एक-दोन दिवस विश्रांती घेऊन भरपूर चंदी खाल्लेला घोडा कामाला लावताच ताठरला, मागच्या मांड्यांचे स्नायू दगडासारखे लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर तो स्नायूंचा आजार असतो. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नये. चालवण्याचा सल्ला देणारे लोक आसपास नेहमीच असतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

आधी माणसाची सुरक्षितता

वेदनेने वेडा झालेला घोडा मायाळू असला तरी त्या वेळी तो तुम्हाला ओळखत नाही. तो पायात तुम्ही आहात हे न पाहता अंग टाकतो. त्यामुळे जवळ जाण्यापूर्वी पायात बंद बूट आणि डोक्यावर हेल्मेट घालावे. रपेटीचे हेल्मेट नसल्यास मोटारसायकलचे चालेल. मुले आणि बघे यांना बाहेर काढावे. एकट्याने आत जाऊ नये, दाराशी दुसरा माणूस उभा असावा.

आपल्याकडे अनेक घोडे अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून एक आणि मागच्या पायांना एक असे दोर खुंट्याला लावून, बांधलेले असतात. पोटशूळ उठलेल्या घोड्याची पिछाडी आधी सोडावी, कारण त्या दोरीत पाय अडकून घोडा आडवा झाला तर पाय मोडू शकतो आणि सोडवायला जाणाऱ्याला लाथ बसते. ती सोडताना मागून वाकू नये. एकाने डोके धरावे आणि दुसऱ्याने दोरीचे खुंट्याकडचे टोक मोकळे करावे. मजबूत म्होरकीला लांब दोर लावावा. लगाम किंवा खोगीर चढवू नये, आणि चढवलेले असल्यास उतरवावे. दोर हाताला गुंडाळू नये, कारण घोडा बसला की गुंडाळलेला दोर बोटे घेऊन जातो. दोराची घडी तळहातात धरावी, म्हणजे हवी तेव्हा सोडता येते.

उभे राहण्याची जागा घोड्याच्या खांद्याजवळ, डाव्या बाजूला. घोडा आणि भिंत यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, आणि आपला बाहेर पडण्याचा मार्ग घोड्याने अडवलेला नाही ना, हे सतत पाहावे. त्याच्याजवळ गुडघे टेकून बसू नये, लागल्यास वाकावे. घोडा आडवा पडला असेल तर त्याच्या पाठीच्या बाजूने, मानेकडून जावे आणि पायांच्या बाजूला अजिबात जाऊ नये. तो भिंतीला पाय लागून अडकला असल्यास घाईने ओढू नये. दोन-तीन माणसे जमवून, पायांच्या आवाक्याबाहेर राहून लांब दोरांनी त्याला भिंतीपासून सरकवावे लागते. शक्य असल्यास घोड्याला अरुंद तबेल्यातून काढून माती किंवा गवत असलेल्या मोकळ्या आवारात न्यावे. तेथे तो लोळला तरी त्याला आणि तुम्हाला जागा असते.

मोजमाप

फोन करण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करून काही गोष्टी मोजाव्यात आणि कागदावर वेळेसह लिहाव्यात. घोडा अंग टाकत असेल तर मात्र मोजमाप सोडून आधी फोन करावा.

सर्वांत मोलाचा आकडा नाडीचा आहे. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाच्या रुंद भागाच्या किंचित पुढे, पेन्सिलएवढी जाड आणि बोटाखाली घरंगळणारी एक दोरीसारखी धमनी लागते. तिच्यावर दोन-तीन बोटे हलकेच ठेवावीत. जोरात दाबल्यास ठोके कळत नाहीत. अंगठा वापरू नये, कारण त्यात आपलेच ठोके जाणवतात. ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. स्टेथोस्कोप असल्यास तो डाव्या कोपराच्या मागे छातीला लावावा. तेथे ऐकू येणारे ‘लब-डब’ मिळून एक ठोका धरायचा असतो. प्रौढ घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर जाऊन तेथेच राहिली तर प्रकरण गंभीर समजावे, आणि ८० च्या वर असल्यास एक क्षणही दवडू नये. घोडे सोसण्यात वेगवेगळे असतात. एखादा तट्टू मुकाट्याने उभा असतो आणि नाडी ७० लागते. म्हणून तडफडीपेक्षा नाडीवर अधिक विश्वास ठेवावा.

श्वास कुशीच्या हालचालीवरून मोजतात. विश्रांतीत तो मिनिटाला ८ ते १६ असतो. हिरड्या ओलसर आणि फिक्या गुलाबी असाव्यात. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. ठसा रेंगाळला, हिरड्या कोरड्या, विटकरी किंवा जांभळट दिसल्या, तर ते फोनवर आवर्जून सांगावे. तापमान घेताना थर्मामीटरला व्हॅसलिन लावावे, त्याला दोरा बांधून ठेवावा आणि मागे न उभे राहता मांडीला खेटून बाजूला उभे राहावे. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस हे सामान्य तापमान. ताप असल्यास दुखण्याचे कारण वेगळे असू शकते. घोडा लाथा झाडत असेल तर तापमानाचा नाद सोडावा.

शेवटी दोन्ही भकाळ्यांवर, म्हणजे कुशींवर, वर आणि खाली अशा चार ठिकाणी स्टेथोस्कोप लावून पोटाचा आवाज ऐकावा. निरोगी पोटात गुरगुर आणि खळखळ सतत चालू असते. ती चारही ठिकाणी मिनिटभर ऐकूनही बंद असेल तर ते चांगले नाही. कान थेट कुशीला लावण्याची जुनी पद्धत दुखणाऱ्या घोड्यावर वापरू नये.

हे सगळे पहिल्यांदा आजाराच्या दिवशी करायला गेल्यास जमत नाही. आपला घोडा ठणठणीत असताना सकाळी त्याची नाडी मोजण्याची सवय लावावी, म्हणजे धमनी कोठे लागते हे बोटांना माहीत होते आणि त्या घोड्याचा स्वतःचा आकडा हाताशी राहतो.

पशुवैद्यकांना काय सांगावे

दुखणे कधी दिसले, त्याआधी घोडा ठीक कधी पाहिला होता, नाडी, श्वास, हिरड्या, शेवटची लीद कधी व कशी पडली, गेल्या दोन-तीन दिवसांत चारा, चंदी, पाणी, काम किंवा जागा बदलली का, जंताचे औषध कधी दिले, घोडी गाभण आहे का, आणि आतापर्यंत कोणी काही पाजले किंवा टोचले आहे का, एवढे क्रमाने सांगावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लपवू नये. शेजाऱ्याने दिलेल्या एका इंजेक्शनामुळे पुढच्या औषधाचा हिशेब बदलतो. ओळखीचे पशुवैद्यक नसल्यास शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे; तरीही जवळपास घोडे पाहणारे डॉक्टर कोण, हे घोडा घेण्यापूर्वीच शोधून त्यांचा क्रमांक तबेल्याच्या दारावर लिहून ठेवावा. गाई-म्हशी पाहणारा प्रत्येक डॉक्टर घोड्याच्या नाकातून नळी घालण्यास सरावलेला असतोच असे नाही.

औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी वजन लागते. काटा नसल्यास पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. घेर १५० आणि लांबी १३५ असलेले तट्टू यानुसार साधारण २५५ किलोचे भरते.

डॉक्टर येईपर्यंत

गव्हाणीतला चारा, चंदी आणि खाण्याजोगे अंथरूण सगळे काढून घ्यावे. पाण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. नाकातून पाणी किंवा चारा परत येत असेल तर पाणीही बंद ठेवावे. घोडा शांत पडून असेल तर त्याला पडू द्यावे. लोळण्याने आतडे पिळते, म्हणून त्याला रात्रभर चालवत ठेवायचे, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि त्यापायी दमलेले घोडे अधिक दमतात. १० ते १५ मिनिटे सावकाश चालवणे, मग विश्रांती, एवढे पुरेसे असते. चालल्याने वायू सुटण्यास मदत होते आणि घोडा स्वतःला आपटून घेत नाही, हाच चालवण्याचा उपयोग. तो चालता चालता अंग टाकू लागला आणि आवरेना, तर दोर सैल करून बाजूला व्हावे. त्याला उठवण्यासाठी चाबूक मारू नये.

आता न करण्याच्या गोष्टी. या ठिकाणी शब्द राखून लिहिण्यात अर्थ नाही, कारण यांपैकी काहींनी घोडा पोटशुळापेक्षा लवकर मरतो. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने तेल, सोडा, हिंगाचे पाणी, ओवा, दारू असे काहीही तोंडातून ओतू नये. मान वर उचलून पाजलेले तेल सहज श्वासनलिकेत उतरते, आणि फुप्फुसात गेलेल्या तेलाचा न्यूमोनिया बहुधा बरा होत नाही. जठर आधीच तुंबलेले असेल तर वरून ओतलेला प्रत्येक लिटर ते फुटण्याच्या जवळ नेतो. लीद काढण्यासाठी गुदद्वारात हात घालू नये. घोड्याच्या गुदाशयाची भिंत नाजूक असते आणि ती फाटल्यास वाचण्याची आशा फार थोडी राहते. वायू काढण्यासाठी पोटात सुई टोचू नये. पोटावर डाग देणे हा उपचार नसून केवळ दुसरी वेदना आहे.

वेदनाशामक इंजेक्शनाचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण ते दुकानात मिळते. फ्लुनिक्सिन हे औषध पोटशुळात डॉक्टरही वापरतात. पण ते वेदना झाकते, आणि झाकलेल्या वेदनेखाली आतडे सडत राहिले तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. ते स्नायूत टोचल्यास त्या जागी घातक जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि मानेतल्या शिरेऐवजी शेजारच्या धमनीत औषध गेले तर घोडा जागेवर कोसळतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याखेरीज, आणि शिरेत टोचण्याचे शिक्षण घेतलेल्या हाताशिवाय, इंजेक्शन देऊ नये.

डॉक्टर आल्यावर

येथे तुमचे काम घोडा धरण्याचे असते. डॉक्टर ज्या बाजूला उभे आहेत त्याच बाजूला तुम्ही उभे राहावे. घोडा उसळला तर त्याचे डोके आपल्याकडे ओढता येते, त्यामुळे त्याचा मागचा भाग दोघांपासूनही दूर जातो. डॉक्टर बहुधा आधी गुंगीचे व वेदनाशामक औषध शिरेतून देतात. गुंगीतला घोडा मान खाली टाकून उभा असला तरी अचानक लाथ मारू शकतो, म्हणून ढिलाई करू नये. काही वेळा वरच्या ओठाला दोरीचा फास लावून धरायला सांगतात. तो धरणाऱ्याने समोर न उभे राहता खांद्याच्या बाजूला राहावे, कारण पुढचे पायही चालतात.

त्यानंतर नाकातून जठरात नळी घालतात. अनेक पालक ही नळी पाहून घाबरतात. तरी मला विचाराल तर पोटशुळातला सर्वांत उपयोगी उपचार हाच आहे. जठरात तुंबलेले पाणी यातून बाहेर येते आणि घोड्याला तेथल्या तेथे हलके वाटते. दोन लिटरांहून अधिक पाणी परत आले तर लहान आतड्यात अडथळा असण्याची शंका घेतात आणि अशा वेळी नळीतून काहीही पाजत नाहीत. जठर रिकामे असेल तर त्याच नळीतून कोमट क्षारपाणी किंवा लिक्विड पॅराफिन देतात, म्हणजे अडकलेला गोळा भिजतो. नळी काढताना नाकातून थोडे रक्त आल्यास घाबरू नये. घोड्याचे डोके खाली ठेवावे, ते बहुतेक वेळा आपोआप थांबते. गुदद्वारातून तपासणी करून डॉक्टर आतडे फुगले आहे, अडकले आहे की सरकले आहे याचा अंदाज घेतात, आणि गरज वाटल्यास पोटातले पाणी सुईने काढून त्याचा रंग पाहतात. शिरेतून सलाइन लागू शकते. पोटशुळाच्या घोड्याला ते बाटलीभर पुरत नाही, बादलीच्या हिशेबाने लागते.

घोडा हलवायचा का

औषधाने वेदना थांबत नसेल किंवा थांबून लगेच परत येत असेल, नाडी चढतच असेल, नळीतून पाणी येतच असेल, तर डॉक्टर मोठ्या रुग्णालयाचा विषय काढतील. घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते, त्यामुळे हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. माथेरानसारख्या ठिकाणी तर मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. घोडा तेथपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला पाहिजे, आणि पाच-सहा तास वाट पाहिल्यावर तो तेवढा चालू शकत नाही. ट्रकमध्ये खाली वाळू किंवा गवताचा जाड थर द्यावा, चढण्यासाठी घसरडी नसलेली फळी लावावी. बंद ट्रकमध्ये तडफडणाऱ्या घोड्याबरोबर माणसाने बसू नये. खर्च किती येईल आणि तो आपल्याला झेपेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. त्यात संकोचाचे कारण नाही. आशा नसेल तर डॉक्टरांच्या हातून वेदनारहित शेवट देणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि तो निर्णय घोडा मालकाची परीक्षा पाहत रात्रभर तडफडेपर्यंत लांबवू नये.

उतार पडल्यावर

उतार पडला तरी पहिले काही तास दर तासाला नाडी मोजावी. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज खायला घालू नये. सुरुवात मूठ-दोन मुठी ओल्या गवताने करावी, दोन-तीन तासांनी पुन्हा तेवढेच द्यावे, आणि मऊ लीद नियमित पडू लागल्यावर वाढवावे. चंदी काही दिवस बंदच ठेवावी. पॅराफिन दिले असल्यास दुसऱ्या दिवशी लीद तेलकट दिसते. मात्र तेल गोळ्याच्या कडेने निसटूनही बाहेर येते, म्हणून तेवढ्यावरून मार्ग मोकळा झाला असे धरू नये.

हा त्रास पुन्हा होऊ नये यासाठी चाऱ्याकडे पाहावे. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे २५० किलोच्या तट्टाला पावणेचार ते पाच किलो. एका वेळची चंदी वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये, म्हणजे याच तट्टाला सव्वा किलोच्या आत. जाड, वाळका कडबा तसाच न टाकता कुट्टी करून भिजवून द्यावा. पावसाळ्यात कापून ढीग घातलेले गवत आत हात घातल्यावर गरम लागले तर ते टाकून द्यावे. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. लग्नसराईत संध्याकाळभर वरातीत उभ्या राहणाऱ्या घोडीला बरेचदा त्याच्या निम्मेही मिळत नाही, आणि वर लोक कौतुकाने जिलेबी भरवतात. शिळ्या पोळ्या आणि भाताचे ढीग घोड्यापुढे टाकणाऱ्यांना नम्रपणे, पण ठामपणे थांबवावे.

सारंगखेड्याच्या यात्रेतून नवा घोडा आणणाऱ्यांनी विकणाऱ्याकडून त्याच्या सवयीचा चारा थोडा बरोबर घ्यावा आणि १० ते १४ दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणावे. ट्रकच्या लांब प्रवासात वाटेत थांबून पाणी पाजावे आणि पोहोचल्याबरोबर भरपूर चंदी घालू नये. दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. जंताचे औषध लीद तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

समुद्रकिनाऱ्यावर काम करणाऱ्या घोड्यांच्या पोटात वाळू साचते. ते तपासण्यासाठी जमिनीला न टेकलेले, लिदीच्या ढिगाच्या आतले पाच-सहा गोळे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यात कुस्करावेत आणि पिशवी एका कोपऱ्यावर टांगून १५ मिनिटे ठेवावी. कोपऱ्यात चमचाभर वाळू बसली तर डॉक्टरांना दाखवावी, आणि त्या दिवसापासून चारा जमिनीवर न टाकता उंच गव्हाणीत घालावा. वाळू दिसली नाही म्हणून पोटात ती नाहीच असे होत नाही, त्यामुळे ही तपासणी दर महिन्याला करत राहावी.